तुम्ही विचारलंत म्हणून: कम्प्युटर की आकाश?

बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे बहुधा कुणाची तरी आई असते. "आमच्या हिला कोडिंग आवडतं आणि ताऱ्यांचंही वेड आहे. दोन्ही एकत्र जमेल असं काही असतं का हो?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "त्यात पोट भरतं का?" गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी हेच विचारलं. तळमजला आला तरी माझं "त्याचं असं आहे काकू" एवढंच झालं होतं. म्हणून आता सविस्तर.

जमतं. दुर्बिणीला डोळा लावून रात्र काढणारा शास्त्रज्ञ आता मुख्यतः चित्रात उरलाय. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदचंच बघा. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तिथे आहेत. 14 मधोमध दाटीवाटीने, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. यातली एकही डिश फोटो काढत नाही. ती फक्त रेडिओलहरींचा चढउतार मोजते. मग प्रत्येक डिशचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक डिशशी जुळवायचा (30 डिशच्या 435 जोड्या होतात), आणि त्यातून आकाशाचं चित्र गणिताने उभं करायचं. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा धरला तर एका सिग्नलचे सेकंदाला निदान 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. डिश 30, प्रत्येकीचे सिग्नल दोन. म्हणजे सेकंदाला 4800 कोटी आकडे. एवढं साठवत बसणं परवडणारं नाही, म्हणून ते तिथल्या तिथे आटवतात. तेही ग्राफिक्स कार्डांवर. गेम खेळायला मुलं जी कार्डं मागतात ना, त्यांचीच थोरली भावंडं. हे काम कम्प्युटरवाल्याचं की खगोलवाल्याचं, ते तुम्हीच ठरवा.

मी स्वतः बीई कम्प्युटर. चार वर्षं आयटीत काढली आणि मग एका संशोधन गटात सॉफ्टवेअर लिहायला गेलो. पहिलं काम मिळालं डेटा साफ करण्याचं. रेडिओ डेटात कचरा अतोनात. मोबाइल, उपग्रह, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, सगळे तिथे ओरडत असतात. मला वाटलं, यात काय अवघड? नेहमीच्या पातळीपेक्षा फार वर उडी मारणारा आकडा दिसला की उडवायचा. दोन दिवसांत स्क्रिप्ट तयार. आलेख असा गुळगुळीत आला की मी तो प्रिंट काढून गटातल्या सीनियर ताईंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "छान. पल्सार कुठाय?"

पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा. ठरावीक वेळाने रेडिओलहरींचा ठोका देतो. आमचा चांगला तेजस्वी होता, त्याचा एकेक ठोका गोंगाटातून वर डोकं काढायचा, आणि माझ्या स्क्रिप्टने तेवढीच डोकी उडवली होती. "अरे, कचऱ्याबरोबर ताराच झाडलास की तू," ताई म्हणाल्या आणि हसल्या. मी नाही हसलो.

मग त्याच प्रिंटच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलने दोन रेघा काढल्या. आडवा अक्ष वेळेचा, उभा फ्रिक्वेन्सीचा. जवळच्या तारेवर ठिणगी पडली तर ती सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकाच क्षणी दिसते, म्हणून तिची रेघ सरळ उभी. पल्सारचा ठोका मात्र ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून वाट काढत येतो. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी त्यात जास्त रेंगाळतात, 500 मेगाहर्ट्झच्या मागून 300 ची लहर सेकंद-दीड सेकंदाने येऊ शकते. म्हणून त्याची रेघ वाकडी. सरळ ती आपली, वाकडी ती आकाशाची. स्क्रिप्टमध्ये बदल झाला जेमतेम वीस ओळींचा. पण आणखी दहा वर्षं नुसतं कोडिंग करत बसलो असतो तरी त्या वीस ओळी मला सुचल्या नसत्या.

त्यामुळे काकू, माझं मत एकतर्फी आहे. फिजिक्स आणि गणित आधी, कोडिंग बरोबरीने. कोडिंग तिशीतही शिकता येतं. तिशीत नोकरी सांभाळून विद्युतचुंबकत्व शिकणं काय असतं ते मी भोगलंय. आणि इंजिनीअरिंगच केलं तर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, पासापुरता करू नये. पेपर संपल्यावर जो फूरिए ट्रान्सफॉर्म (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करायचं गणित) मी आनंदाने विसरलो, तोच आता रोज सकाळी समोर उभा असतो.

दारं दोन्हीकडून उघडी आहेत. फिजिक्समध्ये बीएस्सी-एमएस्सी करून किंवा आयसर या केंद्राच्या विज्ञानसंस्थांमधून जाता येतं, आणि बीई करूनही पुण्यातल्या आयुका किंवा एनसीआरए या खगोल-संशोधन संस्थांच्या पीएचडीला अर्ज करता येतो.

पोटाचं खरं सांगतो. पीएचडीची पाच-सहा वर्षं फेलोशिपवर, पुढे दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा, बऱ्याचदा परदेशात. कायम जागा थोड्या, उमेदवार भरपूर. ज्याला कोड लिहिता येतं त्याला हे मधेच सोडून दुसरीकडे नोकरी मिळते, आणि सोडणारे पुष्कळ आहेत. त्यात कमीपणा नाही. शिवाय पीएचडी न करताही दुर्बिणीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या इंजिनीअरांची गरज असते. हिंगोलीच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या रेडिओ दुर्बिणीत भारत भागीदार आहे, आणि चिलीतली रुबिन वेधशाळा एका रात्रीत सुमारे 20 टेराबाइट डेटा गोळा करते. हे सगळं चाळायला माणसं लागणारच.

काकूंच्या मुलीला मी सल्ला दिला नाही, एका पल्सारच्या डेटाची फाइल दिली. पायथन तिला येतंच. तीन दिवसांनी रात्री अकराला तिचा मेसेज आला: "दादा, मधेच एक रेघ येतेय. घाण दिसतेय. उडवू का?"

मी विचारलं, "सरळ आहे की वाकडी?"