तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा रेडिओ पुन्हा कधी?

गणपतीत मंडळाच्या हॉलवर पानं मांडताना, दिवाळी फराळाच्या रांगेत, परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे बसले असताना, एकच प्रश्न येतो. "ताई, तुमचा रेडिओ पुन्हा कधी सुरू करताय?" दहा वर्षं मी "बघू, पुढच्या वर्षी" म्हणत आले. ते उत्तर नव्हतं. तुम्ही मनापासून विचारता, म्हणून एकदा नीट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत फ्रीमाँटच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतून 2009 पासून 2016 च्या जानेवारीपर्यंत मी इंटरनेटवर मराठी गाण्यांचा रेडिओ चालवला. चोवीस तास. नाट्यपदं, भावगीतं, अभंग, लावण्या. कोणत्याही वेळी सरासरी चाळीस जण ऐकत असायचे. मला चाळीस म्हणजे खूप वाटायचे. शिकागोत रात्रपाळी करणारी एक नर्स रोज पहाटे निरोप पाठवायची, "भूपाळ्या लागल्या की माझी ड्यूटी संपते."

"रॉयल्टीनं रेडिओ बंद पाडला" असं लोक माझ्यासमोर म्हणतात, आणि पुढं पुस्ती जोडतात, "गाणारे गाऊन गेले, आता कसले पैसे?" हे पुढचं वाक्य मला मान्य नाही, आणि ते माझ्या बाजूनं बोलल्यासारखं वाटतं म्हणून जास्तच लागतं. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकालाही रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या कमाईतला हिस्सा, मिळाली पाहिजे म्हणून आग्रह धरला. रफीसाहेबांचं म्हणणं होतं, गाण्याचे पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं थांबवलं. आमच्या घरात तेव्हा याच्यावर वाद व्हायचे आणि माझी आई लताबाईंच्या बाजूनं बोलायची. मीही त्याच बाजूची आहे. रेडिओ चालवतानाही होते.

अमेरिकेत तर या बाबतीत इंटरनेट रेडिओच जास्त न्यायाचा आहे, हे कुणी सांगत नाही. इथल्या साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला पैसे जातात, पण गायकाला आणि ध्वनिमुद्रिकेच्या मालकाला काहीही मिळत नाही. आजही नाही. 1995 च्या कायद्यानं डिजिटल प्रसारणासाठी ध्वनिमुद्रिकेचा हक्क मान्य केला आणि 1998 च्या कायद्यानं इंटरनेट रेडिओला सरकारी दरानं परवाना घेण्याची वाट करून दिली. एकेका कंपनीच्या दारात जायला नको, ठरलेला दर भरा आणि वाजवा. तो पैसा साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते. निम्मा ध्वनिमुद्रिकेच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलाकाराला थेट, आणि 5 टक्के साथीच्या वादक-गायकांच्या निधीला. कंपनीच्या हातून नव्हे, थेट. ही वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे. आपल्याकडे ज्यासाठी इतकी वर्षं भांडण झालं, ते इथं एका कलमात बसवलंय. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईची आठवण आली.

मग अडचण कुठं आली? पैसे मोजण्याच्या पद्धतीत.

2002 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, ग्रंथपालांनी (कॉपीराइटचा कारभार त्यांच्याकडं असतो) दर ठरवला, दर गाण्याला दर श्रोत्यामागं 0.07 सेंट. आधार होता याहू या बड्या इंटरनेट कंपनीनं रेकॉर्ड कंपन्यांशी केलेल्या कराराचा. म्हणजे याहूला जे परवडलं ते मागच्या खोलीतल्या माणसाला लावलं, तेही 1998 पासूनच्या थकबाकीसह. सॅन फ्रान्सिस्कोची सोमाएफएम ही इंटरनेट वाहिनी त्या वर्षी काही महिने बंद राहिली. त्याच वर्षी संसदेनं लहानांसाठी वेगळा कायदा केला, उत्पन्नाच्या टक्केवारीनं भरण्याचा. पुढं तीन न्यायाधीशांचं कॉपीराइट रॉयल्टी बोर्ड आलं आणि 2 मार्च 2007 ला त्यांनी नवे दर जाहीर केले: 2006 साठी 0.08 सेंट, चढत चढत 2010 साठी 0.19 सेंट. 26 जून 2007 ला देशभरच्या इंटरनेट रेडिओंनी निषेध म्हणून दिवसभर शांतता पाळली. मी तेव्हा नुसती श्रोती होते. नेहमीची वाहिनी लावली आणि स्पीकरमधून काही आलंच नाही. सवयीनं दिवसातून चार-पाच वेळा लावून पाहिली. त्या दिवशी हा विषय माझ्या डोक्यात शिरला.

शेवटी वाटाघाटी झाल्या, लहानांना पुन्हा टक्केवारी मिळाली, पण 2015 अखेरपर्यंतच. त्याच सवलतीच्या भरवशावर माझ्यासारखे शेकडो हौशी लोक उभे होते. आम्ही एका सेवेला महिन्याला ठरलेली रक्कम द्यायचो, रॉयल्टीचा हिशेब आणि भरणा ती करायची. फ्रीमाँटच्या दोन किराणा दुकानांच्या जाहिरातींतून ती रक्कम निघायची. डिसेंबर 2015 मध्ये बोर्डानं पुढच्या पाच वर्षांचे दर दिले: मोफत ऐकण्याला 0.17 सेंट. मोठ्या कंपन्यांना ते चाललं. लहानांची टक्केवारी मात्र संपली. 31 जानेवारी 2016 ला अशीच सेवा देणारं लाइव्ह 365 बंद झालं आणि त्याच्यावरच्या हजारो वाहिन्या एका रात्रीत गप्प झाल्या. नंतर ते नव्या मालकाखाली पुन्हा उभं राहिलं, ती गोष्ट वेगळी.

मी कागद घेऊन बसले. माझ्याकडं तासाला साधारण दहा गाणी लागायची, कारण नाट्यपदं लांब असतात. चाळीस श्रोते गुणिले दहा गाणी, म्हणजे तासाला चारशे. चारशेला 0.17 सेंट, म्हणजे 68 सेंट. ऐकायला किती किरकोळ! पण वर्षाचे तास 8760. वर्षाला 5957 डॉलर, आणि गीतकार-संगीतकारांच्या संस्थांचे परवाने वेगळे. माझं जाहिरातींचं उत्पन्न त्याच्या निम्म्यावरही जात नव्हतं. दोनशे श्रोते झाले असते तर 29,784. म्हणजे रेडिओ आवडू लागला की तो बुडणार. रात्री रेडिओ चालू ठेवून झोपी गेलेला माणूसही मोजला जातो, त्याच्याही उशाशी मीटर फिरत असतं. एफएमच्या मनोऱ्याला एक श्रोता काय आणि लाख काय, गायकाला द्यायचे शून्य. उपग्रह रेडिओला 2007 ते 2012 या काळात उत्पन्नाच्या सहा ते आठ टक्के दर ठरला होता. तेच गाणं, तोच गायक आणि तीन तऱ्हांचे हिशेब. माझी तक्रार एवढीच आहे. टक्केवारी ठेवा, बारा टक्के घ्या, पंधरा घ्या. मिळालेल्या रुपयातला हिस्सा द्यायला मी कधीच नाही म्हटलं नसतं. न मिळालेल्या रुपयातून देता येत नाही.

पुढचा प्रश्न मला माहीत आहे, कारण तोही नेहमीचा. "कुणाला कळणार आहे? तसाच चालवा की." नाही. ज्यांची गाणी ऐकून मी मोठी झाले त्यांचा हिस्सा बुडवून मी त्यांचीच गाणी लावणार नाही.

"मग पुण्यातून चालवा" म्हणणारेही आहेत. भारतात कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं प्रसारणासाठी सरकारी दराच्या परवान्याचं कलम आलं खरं, पण मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं की ते रेडिओ-दूरदर्शनसाठी आहे, इंटरनेटसाठी नाही. 2022 मध्ये खंडपीठानंही तेच कायम केलं. म्हणजे तिथून प्रत्येक कंपनीशी वेगळा करार करायचा, आणि कंपनी नाही म्हणाली तर ते गाणं लावायचं नाही. शिवाय अमेरिकेचा परवाना अमेरिकेतल्या श्रोत्यांपुरताच. 2007 मध्ये पँडोरा या अमेरिकी इंटरनेट रेडिओनं याच कारणानं परदेशातले श्रोते बंद केले होते. तेव्हा नाशिकच्या मावशींनो, तुम्हाला ऐकू येईल असं वचन मी देऊ शकत नाही.

परवान्याच्या अटीही तुम्हाला माहीत असाव्यात, म्हणजे "बालगंधर्वांच्या पुण्यतिथीला दिवसभर त्यांचीच पदं का नव्हती" हे कळेल. तीन तासांत एका कलाकाराची चारच गाणी, त्यातही सलग तीनच. एका अल्बमची तीन, सलग दोनच. पुढं कोणतं गाणं लागणार याची यादी आधी जाहीर करायची नाही. फर्माईश घेता येते, पण तासाभराच्या आत फर्माईशीच वाजवणं हा मुख्य कार्यक्रम झाला की परवान्यातून बाहेर. 'आपली आवड' ऐकत वाढलेल्या मला हे फार जड गेलं. दर 15 जुलैला मी चार-चार पदं दिवसभर पेरायची आणि मधे इतरांची लावायची. काहींना वाटायचं मी कंजूषपणा करतेय.

आता खरं उत्तर. त्याच नियमावलीत एक दार आहे आणि ते मी उशिरा पाहिलं, कारण मी जाहिराती घेणारी एकटी बाई होते. करमुक्त ना-नफा संस्थेला वेगळा दर आहे. 2021 ते 2025 या काळात तो एका वाहिनीला वर्षाला किमान 1000 डॉलर होता, आणि महिन्याला 159,140 श्रोता-तासांपर्यंत (एकानं तासभर ऐकलं की एक श्रोता-तास) तेवढाच. भागाकार केला तर चोवीस तास दोनशेच्या वर माणसं. माझे चाळीस त्यात पाच वेळा मावतात. 2021 च्या साध्या दरानं त्याच चाळिसांचे सात हजारांच्या वर झाले असते. तेव्हा आम्ही चौघं मिळून संस्था नोंदवतोय. घटना लिहून झाली आहे, करमुक्तीचा अर्ज या महिन्यात जाईल. जाहिराती नाहीत, देणग्या चालतील.

वेळ लागतोय तो गाण्यांच्या यादीला. वाजवलेल्या प्रत्येक गाण्याचं नाव, मुख्य कलाकार, अल्बम आणि कंपनी कळवावी लागते, नाहीतर पैसा योग्य माणसापर्यंत पोचत नाही. माझा निम्मा साठा कॅसेटवरून उतरवलेला, वर कुणाच्या तरी हस्ताक्षरात नुसतं "नाट्यगीते 3". रविवारी दुपारी मी आणि एक निवृत्त ग्रंथपाल ऐकून ऐकून रकाने भरतो. 1140 झाली, दोन हजारांच्या आसपास आहेत. आणखी एक रकाना आम्ही आमच्या मनानं जोडलाय, तो कुणी मागितलेला नाही: ऑर्गन आणि तबल्यावर कोण. तो बराच रिकामा आहे. तुमच्याकडं जुन्या तबकड्यांची कव्हरं असतील तर त्यांच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा.