साथीला बसलेला माणूस

मैफलीत माझं लक्ष गवयाकडे कमी आणि पेटीवाल्याकडे जास्त. ही खोड जुनी आहे. गणेशोत्सवातल्या गाण्यांना आजोबा घेऊन जायचे, तेव्हा मी मान वाकडी करून पेटीच्या बाजूला सरकायचो. "अरे, गाणं तिकडे चाललंय," ते कुजबुजायचे. पण गवयाने श्वास घेतला की पेटीवालाही घेतो, हे मला दिसलं होतं. त्यापुढे ताना काय चीज!

परवा दुपारी जेवून आडवा झालो आणि शूबर्टची गीतमालिका 'विंटरराइज' लावली. गायिका ब्रिगिटे फासबेंडर. सवयीने पियानोवर कोण ते पाहिलं, तर आरिबेर्ट रायमन. म्हणजे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वर ऑपेरा रचणारा, 'लिअर'वाला रायमन! झोप उडाली.

हा बर्लिनचा. आई गायिका, गाणं शिकवणारी. शाळा संपल्यावर ऑपेरा हाउसात गायकांच्या तालमींना पियानोवर बसायची नोकरी. पुढे डीट्रिच फिशर-डीस्काऊसारख्या गायकाला अनेक वर्षं साथ. 'लिअर'चा ऑपेरा कर, असा लकडा त्यानेच रायमनमागे लावला. इटालियन ऑपेराचा बादशहा व्हेर्दी, त्यालाही आयुष्यभर खुणावूनही जमला नव्हता तो विषय. ९ जुलै १९७८ ला म्युनिकमध्ये पहिला प्रयोग झाला. राजा अर्थात फिशर-डीस्काऊ.

लिअर म्हटलं की आपल्याला अप्पा बेलवलकर आठवणारच. अप्पांचं वादळ शब्दांचं. रायमनच्या वादळात सगळी तंतुवाद्यं एकमेकांना खेटून, पाव-पाव स्वराच्या अंतराने अंगावर येतात. सलग ऐकवत नाही. मी तरी मध्ये उठून चहा टाकतो. पण त्या गदारोळातही माणसाचा गळा चिरडत नाही. हा गळा कुठे दमेल, दम खायला कुठे जागा हवी, हे बाजूला बसूनच कळत असणार. नुसतं कागदावर लिहिणाऱ्याला ते कुठून सुचायचं?

त्याने पुढेही बरंच लिहिलं. काफ्काच्या कादंबरीवरून 'किल्ला', लोर्काच्या नाटकावरून बेर्नार्दा आल्बा, २०१० साली व्हिएन्नात 'मेदेआ'. शेवटचा ऑपेरा २०१७ चा, म्हणजे ऐंशी उलटल्यावरचा. माझं मन मात्र 'लिअर'मधल्या विदूषकापाशीच अडतं. एडगर या सरदारपुत्राला उंच, जवळजवळ बायकी गळ्याचं गाणं आहे, लिअरच्या मुली तर किंचाळतात. विदूषकाला मात्र गाणंच नाही. तो बोलतो. राजाला खरं काय ते तोंडावर सांगत राहणारा तो, आणि तोच गात नाही.

असं का केलं असेल? साथीदारच ते, बोलत नाहीत फारसं. आता तर विचारायची सोयही नाही. मार्च २०२४ मध्ये, अठ्ठ्याऐंशी पूर्ण करून, रायमन बर्लिनमध्येच गेला.