१०० कोटी झाले की भावा!

आज २१ ऑक्टोबर २०२१, देशात कोरोना लसीचे १०० कोटी डोस पूर्ण झाले म्हणं, आणि सकाळी मिसळ खाताना टीव्हीवर बातमी बघून शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, नाद खुळा! (१०० कोटी माणसं न्हवं, डोस. दुसरा बाकी असणारे अजून लई हाईत.) पण खरं सांगू, १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं तवा मला वाटलेलं आपला नंबर यायला दोन वर्षं तरी लागतील. मेमध्ये १८ वरच्यांना खुलं झालं आणि आम्ही कोविनवर (लसीच्या नोंदणीची सरकारी साईट) स्लॉटसाठी मोबाईल घेऊन बसायचो, ओटीपी येईपर्यंत सगळं बुक, डोस्क्याचा नुसता भुगा. आमची आज्जी तर पहिल्यांदा नकोच म्हणत होती, मग गल्लीतल्या बायका जाऊन आल्या तशी स्वतःच तयार, वर मलाच विचारतीया तुझा दुसरा कधी? कोविशिल्ड लसीच्या दोन डोसांमधलं ते ८४ दिवसांचं गणित तिला तोंडपाठ. पुण्यात बनत्या म्हणून तिचा जास्त विश्वास, आता पुणेकरांचं कौतुक कोल्हापूरकरानं करायचं म्हणजे बघा. जूनमधलं कोरोनाचं टेन्शन आठवलं की अजून पोटात गोळा येतो, पण परवा रंकाळ्यावर भेळेच्या गाड्याजवळ गर्दी बघून लई बरं वाटलं. मास्क मात्र निम्म्यांचे हनुवटीवर.