ओहोटी पाचला, घरी आठला

कोकणात खडकांमधली जीवसृष्टी बघायची तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठावी लागते. तेव्हा उधाण असतं. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते. रत्नागिरीकडे उधाणाची भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास लागते, दिवसाही आणि रात्रीही. म्हणजे ओहोटी पहाटे पाचला किंवा संध्याकाळी पाचला. मुलीबाळींनी घरात असावं असं घरच्यांना वाटतं, त्याच्या अगदी काठावरच्या या वेळा. मुलींना किनाऱ्यावर विज्ञान शिकवायला लागल्यापासून माझं निम्मं काम चंद्र आणि पालक यांच्यात मध्यस्थी करण्याचं झालंय. चंद्र तसूभरही हलत नाही.

फेब्रुवारीतली पौर्णिमा होती. लांज्याकडच्या अकरावीच्या मुली होत्या. समुद्र चाळीसेक किलोमीटरवर, पण बहुतेकींनी तो गणपतीपुळ्याला दर्शनाला गेल्यावरच पाहिलेला. परवानगी मिळाली ती अटींवर: आठच्या आत घरी, आणि एकीचे काका सोबत येणार. मला राग आला नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनाही 1933 साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला तो आधी नकार पचवून, आणि वर्षभराच्या अटीवरच. माझीही एक अट असते. किनाऱ्याजवळच्या एखाद्या घरी बाथरूमची सोय बोलून ठेवल्याशिवाय मी तारीख देत नाही. सोय नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, मग डोकं धरून बसतात, आणि लोक म्हणतात, पोरींना ऊन सोसत नाही.

साडेतीनला रत्नागिरीजवळ मिऱ्या गावाच्या बाजूच्या खडकांवर उतरलो. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दोर ताणायचा, ठरावीक अंतरावर पाइपाची चौकट ठेवायची आणि आत जे दिसेल ते मोजायचं. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, काही घरी न्यायचं नाही. इस्त्रीची पँट घातलेले काका कोरड्या कातळावर मोबाइल काढून बसले होते. दोराचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून पुतणीनेच त्यांना हाक मारली. दहा मिनिटांनी ती ओरडत होती, "काका, सैल सोडू नका, रीडिंग चुकतंय!" घरात या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली असेल असं वाटत नाही. पँट गुडघ्यापर्यंत भिजली तरी काका दोर धरून उभे.

खरी गंमत मधल्या पट्ट्यात झाली. पुस्तकाप्रमाणे वर-खाली जावं तसे जीव बदलत जातात, कारण वरच्यांना जास्त वेळ कोरडं राहावं लागतं. पण एका मुलीच्या वहीत आकडे जुळेनात. एकाच उंचीवरच्या दोन चौकटी. एकीत काळ्या शंखांच्या गोगलगायी खच्चून भरलेल्या, दुसरीत जेमतेम चार-पाच. मैत्रिणी म्हणाल्या, तू चुकीचं मोजलंस. तिने परत मोजलं. मग खडकाला हात लावला, पलीकडे जाऊन तिथेही लावला. "ताई, समुद्राकडची बाजू तापलीय. सगळ्या मागच्या सावलीत बसल्यात." थर्मामीटर लावला तर फरक चांगलाच होता. उतरतं ऊन पश्चिमेकडून थेट खडकावर येत होतं. मी उत्तर दिलं असतं तर तिथेच संपलं असतं, म्हणून तोंड बंद ठेवलं. (शिक्षकाला हे फार जड जातं.)

जवळच एक मावशी टोकदार लोखंडाने कालवं काढत होत्या. भरतीची वेळ त्या तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मोबाइलवरच्या तक्त्याशी फार फरक पडला नाही. मुलींनी लगेच पुढच्या तिथ्या काढायला घेतल्या. साडेपाच वाजून गेले तशा मावशींनीच हाक दिली, "पाणी फिरलं गो, आता वर चला."

परतीच्या गाडीत त्या मुलीने प्रश्न काढला. सकाळी ऊन पूर्वेकडून येणार, मग गोगलगायी पश्चिमेला सरकतात की त्यांची जागा ठरलेलीच असते? दुसरी म्हणाली, नेलपॉलिशचा ठिपका देऊ शंखावर, म्हणजे कोण कुठे गेली ते कळेल. संशोधकही अशाच रंगाच्या खुणा करतात हे मी मग सांगितलं, तेव्हा कुठला रंग ठळक दिसेल यावर पाली गाव येईपर्यंत वाद चालला. पण अडचण उघड होती. संध्याकाळी ठिपके द्यायचे, मधली रात्रीची भरती जाऊ द्यायची आणि ऊन वर यायच्या वेळी पुन्हा खडकावर हजर राहायचं. म्हणजे रत्नागिरीत मुक्काम.

अर्ज मुलींनीच लिहिला, गाडीतच. त्यात "सहल" लिहिलं होतं ते खोडून "प्रयोग" केलं. मुक्कामाचं कारण म्हणून रात्रीच्या भरतीची वेळ घातली, राहण्याची जागा घातली, सोबत येणाऱ्या बायकांची नावं घातली. काकांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "पहाटे दोर कोण धरणार?"

आम्हाला पावणेआठला उतरवलं गेलं. अर्जावर पाच घरांच्या सह्या आल्यात. दोन घरी मला स्वतः जाऊन बोलायचंय.