वाणात आला खण

आजीच्या ट्रंकेत खणांची चळत असायची. ओटीत आलेले खण, ओटीतच जायचे. शिवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिलेला हिरवा खण दोन वर्षांनी फिरून आमच्याकडेच आला. कोपऱ्यातल्या हळदीच्या डागावरून आजीनं तो ओळखला. "आला गं माहेरी," म्हणाली आणि त्रिकोणी घडी घालून पुन्हा ट्रंकेत.

हा खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. हातमागावरचा, अरुंद पन्ह्याचा, दोन्ही बाजूंना काठ. तो काठ दंडावर आला की चोळी शोभायची. अरुंद, कारण एका चोळीपुरताच तो विणलेला. आमच्या लहानपणी मात्र खणाची चोळी म्हणजे गावाकडच्या म्हाताऱ्या, नाहीतर गॅदरिंगमधली कोळीण.

मग चार-पाच वर्षांत काय झालं कळलं नाही. आधी खणाची साडी आली (त्यासाठी पन्हा वाढला, आणि बरंचसं काम यंत्रमागावर गेलं). मग कुर्ता, कानातले, डायरी, मोबाइलची पिशवी, तोरण, आकाशकंदील, बाळाचं अंगडं-टोपडं. 2020 मध्ये मास्क! नाकातोंडावर खण बांधून आम्ही भाजी आणायला जात होतो. मीही साडी घेतली, गर्द जांभळी. पहिल्याच लग्नात तसल्या जांभळ्या सहाजणी भेटल्या. आम्ही एकत्र फोटो काढला. बँडवाले वाटत होतो.

फॅशन संपली हे ओळखायची माझी खूण एकच: ती संक्रांतीच्या वाणात आली पाहिजे. विकत घेताना हौस असते. डझनाच्या भावात लुटायला लागलो की संपलं. खणाचा पहिला बटवा मला वाणात मिळाला तेव्हा मी हरखले. रथसप्तमीपर्यंत सात झाले. त्यातले चार मी पुढच्या वर्षी वाटले. कुणाकुणाकडून आले होते ते लिहून ठेवलं होतं, म्हणून बरं. आजीला वही लागत नसे.

यंदा तुळशीबागेत गेले. दुकानदाराला म्हटलं, "खणाचे बटवे दाखवा, दोन डझन."

"ताई, खण आता कुणी नेत नाही. अजरखचे घ्या. कालपासून तिसरा गठ्ठा फोडलाय."

अजरखची साडी मी दिवाळीतच घेतली होती. अजून फॉलसुद्धा लावायचाय.