तुम्ही विचारलंत म्हणून : तंगडी बाहेरून करपते आणि हाडाशी कच्ची राहते, ती का?

‘तुम्ही तंगडीला कोणता मसाला लावता?’ असे मला ओळखीतले लोक वरचेवर विचारतात आणि दोन-चार वाक्यांनंतर त्यांची खरी तक्रार बाहेर येते. वरून मसाला काळा पडतो, घास घेतला की हाडाजवळचे मांस लालसर आणि रबरासारखे लागते, आणि म्हणून आणखी दहा मिनिटे ठेवावी तर बाहेरचा भाग वातड होतो. मसाला मी सांगतोच. पण केवळ मसाला बदलून ही तक्रार जाणार नाही, हेही सांगतो. तंगडी बिघडते ती बहुधा विस्तवावर, आणि तिथेही आच कमी पडते म्हणून फारशी नाही; जास्त आच नको त्या वेळी लागते म्हणून. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोंबडी दिवसभर पायांवर असते, त्यामुळे पायाच्या स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन छातीच्या मांसापेक्षा पुष्कळ जास्त असते. छातीचे मांस ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कोरडे पडू लागते. तंगडीचे तसे होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी सांगितलेले आतले सुरक्षित तापमान ७४ अंश आहे आणि तेवढ्यावर तंगडी खाण्यास निर्धोक होते, परंतु चवीच्या दृष्टीने ती तेव्हा अर्ध्या वाटेवरच असते, कारण कोलॅजन वितळून त्याचे जिलेटिन व्हायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. तीच तंगडी सावकाश ८० ते ८५ अंशांपर्यंत नेली तर मांस हाडापासून सहज सुटते आणि ओठांना किंचित चिकटपणा जाणवतो. तेव्हा तंगडीच्या बाबतीत ‘जास्त शिजेल’ ही भीती बाळगण्याचे कारण नाही. जपायचे आहे ते तिचे बाहेरचे आवरण.

लालसर रंगाविषयी मात्र एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे मिळणारी ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते आणि तिची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात. त्यामुळे शिजताना हाडातल्या मगजाचा रंग आजूबाजूच्या मांसात झिरपतो, आणि कोंबडी गोठवलेली असेल तर हे अधिकच दिसते. नीट शिजलेली तंगडीसुद्धा हाडाशी लाल दिसू शकते आणि स्वच्छ रस सुटला म्हणजे ती शिजलीच, असेही खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून मी रंगाच्या भरवशावर राहत नाही. सुईचा थर्मामीटर तंगडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. ही वस्तू महाग नाही आणि पाहुण्यांपुढे तंगडी फोडून बघण्याचा प्रसंग ती टाळते. तो नसेल तर टोकाचे हाड चिमट्याने धरून हलके पिळावे. ते आत सैल फिरले आणि मांस वर सरकून हाड उघडे पडले असेल तर बहुधा काम झाले आहे. तरीही शंका राहिली तर आणखी पाच मिनिटे द्यावीत, तंगडी तेवढे सहन करते.

हे सारे ब्रॉयलरविषयी आहे. गावरान कोंबडीची तंगडी नुसत्या निखाऱ्यावर भाजावी का, असेही काही जण मोठ्या उत्साहाने विचारतात, आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. वयाने मोठ्या, मोकळ्या फिरलेल्या कोंबडीचे कोलॅजन अधिक पक्के असते. त्याला ओलसर उष्णता आणि भरपूर वेळ हवा. तिचा रस्साच करावा.

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे रांग असते आणि दुकानदाराला बोलायला सवड नसते, म्हणून काय हवे ते आधीच ठरवून जावे. ‘लेग पीस’ म्हटले की मांडीसकट अख्खा पाय मिळतो; नुसती तंगडी हवी असेल तर तसे स्पष्ट सांगावे. आकाराने सारख्याच तंगड्या निवडून घ्याव्यात, कारण एक ८० ग्रॅमची आणि दुसरी १४० ग्रॅमची असेल तर दोन्ही एका वेळी तयार होणे शक्य नाही. कातडीचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पुण्यातल्या बहुतेक दुकानांत पिसांबरोबर कातडीही सोलून टाकतात, त्यामुळे ती हवी असल्यास कोंबडी कापण्यापूर्वीच सांगावे लागते. कातडीखालची चरबी वितळून मांसाला वंगण देते आणि कातडी कुरकुरीत होते, परंतु मसाला आत जात नाही आणि निखाऱ्यावर चरबी ठिबकून भडका उडतो. दह्या-मसाल्याची तंगडी करायची असेल तर मी बिनकातडीची घेतो. नुसते मीठ आणि मिरी लावायचे असतील तर कातडीची.

आता धुण्याचा प्रश्न. आपल्या घरांत मांस न धुता शिजवणे ही कल्पनाच सहन होत नाही, हे मला मान्य आहे. तरीही सांगणे भाग आहे की कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात आणि जोराच्या नळाखाली धुतल्याने ते जाण्याऐवजी ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि भांड्यांवर उडतात. त्यांचा नाश उष्णतेनेच होतो. मी तंगड्या कागदी रुमालाने टिपून घेतो. ज्यांना धुतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी भांड्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवाव्यात, सिंक आणि हात लगेच साबणाने स्वच्छ करावेत आणि मग तंगड्या पूर्ण कोरड्या कराव्यात. हा कोरडेपणा महत्त्वाचा आहे, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही, आणि भाजल्याचा तांबूस रंग व खमंग वास यायला १४० अंशांच्या आसपास जावे लागते.

सुरीचे काम दोन ठिकाणी आहे. जाड भागावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन तिरप्या चिरा हाडापर्यंत द्याव्यात. त्यामुळे उष्णतेला आत शिरायला वाट मिळते आणि मसाला टिकून राहतो. दुसरी जागा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तंगडीच्या बारीक टोकाशी, सांध्याच्या थोडे वर, हाडाभोवती सुरी टेकवून पूर्ण गोल फिरवावी. तिथे पांढऱ्या, दोरीसारख्या शिरा असतात, त्या कापल्या जाताना कट्‌ असा बारीक आवाज येतो. त्या अखंड राहिल्या तर मांस भाजताना ताणले जाते आणि खाताना दातांत तुसासारखे अडकते. कापल्या तर मांस आपोआप वर गोळा होते आणि खाली धरायला स्वच्छ हाड मिळते.

मिठाला मी मसाल्यापेक्षा जास्त मान देतो. हळद, तिखट, आले-लसूण हे सगळे कितीही तास लावून ठेवले तरी पृष्ठभागाच्या फारसे खाली उतरत नाहीत; मीठ उतरते, आणि प्रथिनांची रचना थोडी सैल करून मांसात पाणी धरून ठेवते. म्हणून एक किलो तंगड्यांना सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट लहान चमचे बारीक मीठ आदल्या रात्रीच चोळावे आणि तंगड्या फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, म्हणजे त्यांचे पाणी दुसऱ्या पदार्थांवर ठिबकणार नाही. ज्या घरात फ्रिज निम्मा शाकाहारी असतो, आणि पुण्यात अशी घरे पुष्कळ आहेत, तिथे घट्ट झाकणाचा डबा वापरून घरातली शांतता राखावी.

दुसऱ्या दिवशी, भाजण्याच्या तीन-चार तास आधी मसाला. एक किलोला दीडशे ग्रॅम आंबट नसलेला, अर्थातच बिनसाखरेचा चक्का, दोन चमचे आले-लसणाची गोळी, रंगासाठी दोन मोठे चमचे काश्मिरी मिरची, धने-जिऱ्याची पूड, हळद, थोडी चुरडलेली कसुरी मेथी, दोन चमचे भाजलेले बेसन आणि दोन मोठे चमचे तेल. साध्या दह्यापेक्षा चक्का बरा, कारण दह्याचे पाणी सुटून मसाला ओघळतो. हे मिश्रण चिरांमध्ये बोटाने भरावे. लिंबू मी या वेळी घालत नाही, आणि कच्ची पपई तर मुळीच नाही. पपईतले पापेन प्रथिने तोडते. ते चिवट मटणाला उपयोगी पडते, पण कोवळ्या ब्रॉयलरचा वरचा थर त्याने पिठूळ होतो. घरचा कांदा-लसूण मसाला घालण्याचा मोह पुणेकरांना होणारच. अर्धा चमचा घालावा, अधिक नको, कारण त्यातले सुके खोबरे आधीच भाजलेले असते आणि निखाऱ्यावर ते सर्वांत आधी जळून कडवट होते. साखर आणि मध यांनाही तोच न्याय लागू आहे. ते लावायचेच असतील तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत.

आता विस्तव, आणि सुरुवातीच्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. कोळसा लाकडाचाच घ्यावा, दगडी कोळशावर अन्न भाजू नये. रॉकेल ओतून पेटवू नये, त्याचा वास मांसाला लागतो. कोळशावर पांढरट राखेचा थर चढेपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे, थांबावे आणि मग सगळे निखारे शेगडीच्या एकाच बाजूला ओढावेत. आपल्याकडे सहसा निखारे सगळीकडे सारखे पसरतात आणि तंगड्या थेट त्यांच्यावर मांडतात. तिथेच ती करपायला लागते. निखारे एका बाजूला असले की जाळीवर दोन जागा तयार होतात. निखाऱ्यांच्या वर, जाळीपासून चार बोटे उंच तळहात धरला तर दोन-तीन सेकंदांत काढून घ्यावा लागतो. रिकाम्या बाजूला तोच हात सहज त्याच्या दुप्पट वेळ टिकतो. तंगड्या आधी या रिकाम्या बाजूला, जाड भाग विस्तवाकडे आणि हाडाचे टोक बाहेरच्या अंगाला करून ठेवाव्यात आणि वर झाकण घालावे. झाकण नसेल तर ॲल्युमिनियमचे मोठे पातेले उपडे घालावे, मात्र खाली हवेला जागा राहू द्यावी, नाहीतर निखारे विझतात. दर आठ-दहा मिनिटांनी तंगड्या फिरवाव्यात आणि त्यांच्या जागांची अदलाबदल करावी, कारण विस्तवाजवळची पुढे जाते आणि कडेची मागे राहते. अर्ध्या तासात आतले तापमान ७५ अंशांच्या आसपास येते. तेव्हा त्यांना तेल किंवा लोणी लावून निखाऱ्यांवर आणावे आणि चिमटा हातातून न सोडता चार-पाच मिनिटे सर्व बाजूंनी रंग आणावा. चरबीचा भडका उडाला तर पाणी शिंपडू नये, राख उडून मसाल्यावर बसते. तंगडी बाजूला सरकवावी, भडका आपोआप बसतो. वाडग्यात उरलेला मसाला कच्च्या मांसाला लागलेला असतो, म्हणून तो वरून फासू नये. वापरायचाच असेल तर आधी चांगला उकळावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगतो. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेऊ शकतो. गच्चीवर किंवा अंगणातच जावे आणि सोसायटीला आधी विचारावे. वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे धुरात सापडले तर पुढच्या सभेत त्यावर चर्चा होते.

ज्यांच्याकडे फक्त ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, आहे त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये, कारण हीच दोन टप्प्यांची रीत तिथे अधिक सोपी जाते. तंगड्या जाळीवर, जाळीखाली फॉइल पसरलेला ट्रे, आधीच तापवलेल्या २०० अंशांवर पस्तीस मिनिटे आणि मध्ये एकदा उलटणे. मग तापमान २५० वर, फक्त वरची कांडी चालू आणि समोर उभे राहून पाच-सहा मिनिटे. ट्रेवर थेट ठेवल्या तर त्या स्वतःच्याच पाण्यात उकडतात, म्हणून जाळी चुकवू नये. कोळशाचा वास हवा असेल तर गॅसवर लाल केलेला निखारा वाटीत ठेवून, त्यावर तूप सोडून भांडे दोन-तीन मिनिटे झाकावे. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास धुराची चव तोंडात रेंगाळते.

तंगड्या उतरवल्यावर पाच मिनिटे तशाच राहू द्याव्यात आणि लिंबू आता पिळावे. आधी पिळलेल्या लिंबाची चव आचेवर मंदावते, आताची ताजी राहते. सोबत पाण्यात भिजवून निथळलेला कांदा आणि पुदिन्याची हिरवी चटणी पुरेशी आहे. मेयोनेझ मागणारे पाहुणेही हल्ली असतात. त्यांना ते द्यावे, पण वेगळ्या वाटीत. उरलेल्या तंगड्या दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाव्यात. दुसऱ्या दिवशी त्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नयेत. मांस हाडावरून सोडवून, कांद्याबरोबर तव्यावर चांगले वाफ येईपर्यंत परतावे आणि पोळीत गुंडाळावे.