नेव्हीसरांची तीन नावं

4 डिसेंबरला आपल्या शाळेत नौदल दिन व्हायचा तो दणक्यात. 1971 साली त्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराची बंदर कसं हादरवलं, हे नेव्हीसर सांगायला लागले की पाचवी ते दहावीची सगळी पोरं मैदानावर चिडीचूप. शेवटी टाळ्यांचा असा कडकडाट की माडांवरचे कावळे उडायचे. 10 डिसेंबरचं मात्र तसं नसे. त्या दिवशी प्रतिज्ञा झाली की सर पुढे येत, 'सावधान' म्हणत आणि तीन नावं घेत. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय. लेफ्टनंट एच. एस. सिरोही. एअरक्रू विजयन. मग 'विश्राम'. भाषण नाही, टाळ्या नाहीत. रांगेनं वर्गात जायचं.

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला या तीन नावांखेरीज दुसरं काही सुचेना. शाळेनं मला गणित दिलं, व्याकरण दिलं, पोटापाण्याची वाट दाखवली, त्या सगळ्याचं ऋण आहेच. पण शाळेतली कुठली गोष्ट आजवर सोबत राहिली असं कुणी विचारलं, तर मी 10 डिसेंबरची ती मिनिटभराची वेळ सांगेन.

नव्या मुलांसाठी थोडं सांगतो. नेव्हीसर नौदलात एअर मेकॅनिक होते. पंधरा वर्षांची सर्व्हिस करून, पेन्शन घेऊन गावी आले आणि आपल्याकडे पीटी आणि कार्यानुभव शिकवू लागले. कार्यानुभवात इतर शाळांत खडू आणि मेणबत्त्या करत, आपल्याकडे विमान झालं! आठवीत असताना आम्ही सरांच्या हाताखाली अलिझे विमानाचं लाकडी मॉडेल केलं. धड सावरीच्या लाकडाचं. पंख मधून दुमडणारे, कारण विमानवाहू जहाजावर जागा मोजकीच असते, पंख मिटल्याशिवाय विमानं मावत नाहीत. दोन्ही पंखांच्या पुढे बांबूची नळकांडी बसवली होती, त्यांत चाकं आणि सोनोबॉय, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारी तरंगती यंत्रं. पोटाखाली वरखाली होणारा रडारचा घुमट, तो नारळाच्या करवंटीचा. सरांनी ती करवंटी काचेनं घासून घासून इतकी गुळगुळीत केली होती की बोट फिरवावंसं वाटे. शेपटीखालचा हूक सायकलच्या आऱ्याचा. डेस्कवर दोरा ताणून आम्ही विमान त्याच्यावर सोडायचो आणि हूक दोऱ्यात अडकला की ओरडायचो. विक्रांतच्या डेकवर असंच उतरतात, सर सांगायचे, दोऱ्याच्या जागी पोलादी तार.

अलिझे हे फ्रेंच बनावटीचं विमान. पाणबुडी शोधणं हे त्याचं मूळ काम. रडारनं समुद्राचा पृष्ठभाग पिंजायचा, संशय आला की सोनोबॉय पाण्यात टाकायचे आणि खालचा आवाज ऐकायचा. सोबत टॉर्पेडो, डेप्थ चार्ज, बॉम्ब, रॉकेट. 1961 मध्ये विक्रांत आपल्या नौदलात आली त्याच वर्षी फ्रान्समध्ये 310 स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली, तीच अलिझेची. 1971 च्या लढाईत बंगालच्या उपसागरात विक्रांतवरून दिवसा सी हॉक ही लढाऊ विमानं उडत आणि रात्री अलिझे जाऊन बॉम्ब टाकत. सर त्या वेळी विक्रांतवर होते. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे डेकवरचा वारा कमी. वजनदार विमान कॅटापल्टनं फेकायला तो वारा लागतो. 'पडलेल्या वाऱ्यात भरलेलं विमान उडवताना पोटात गोळा यायचा रे,' एवढंच ते म्हणत. स्वतःच्या शौर्याचं एक अक्षर त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलं नाही.

पण 10 डिसेंबरचं विमान तिकडचं नव्हतं. ते इकडे, आपल्या अरबी समुद्रावरचं.

9 डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आयएनएस खुकरीवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला. काही मिनिटांत जहाज गेलं. 18 अधिकारी आणि 176 खलाशी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला माणसांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाजासोबत गेले. पुढचे काही दिवस आपली जहाजं आणि विमानं त्या पाणबुडीचा माग काढत समुद्र घुसळत होती, ती सापडली नाही. खुकरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 10 तारखेला, पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-104 स्टारफायटरनं आपलं एक अलिझे पाडलं. तिघांपैकी कुणीही परत आलं नाही.

त्या दोन विमानांची बरोबरी कशी होती हे सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. अलिझेचा जास्तीत जास्त वेग ताशी सुमारे 500 किलोमीटर. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं, म्हणजे ताशी 2000 च्या वर. अलिझे पाण्यात बघायला बनवलेलं, त्याला हवेतल्या शत्रूशी लढायला तोफ नाही. पंखा फिरवत, संथपणे, एकाच पट्ट्यावर तासन्‌तास येरझारा घालणं हीच त्याची नोकरी. 'मग सर, जातात कशाला?' आमच्यातल्या एकानं विचारलं होतं. सर म्हणाले, 'खाली आपली जहाजं आहेत म्हणून.'

वैमानिकाचं नाव लोक लक्षात ठेवतात, हे सरांना ठाऊक होतं. त्यांचा सगळा जीव तिसऱ्या माणसावर. अलिझेत पुढे दोघं शेजारी शेजारी बसतात, तिसरा मागे, यंत्रांसमोर. त्याला समोरचं आकाश दिसत नाही. विमान वळलं, खाली गेलं, वर आलं, ते त्याला अंगाला जाणवतं तेवढंच. उड्डाणाआधी पट्टे आवळून द्यायला सर त्याच्या अंगावर वाकत, तेव्हा दोघांची तोंडं वीतभर अंतरावर येत. तो काहीतरी बोलायचा, घरच्या पत्राबद्दल, जेवणाबद्दल. विमान परत आलं की मेकॅनिकनं आधी चाकं बघायची असतात, सर आधी डोकी मोजत. 'तीन असली की मग चाकं,' म्हणायचे. म्हणून 10 डिसेंबरला आम्ही तीन नावं ऐकायची, एकही गाळायचं नाही. एका वर्षी वर्गनायकानं भित्तिपत्रकावर 'अशोक रॉय व त्यांचे सहकारी' असं लिहिलं. सर रागावले नाहीत. खिशातून पेन काढलं, 'सहकारी' खोडलं आणि दोन्ही नावं स्वतःच्या अक्षरात लिहिली.

याच संदर्भात त्यांनी आम्हाला एस्मंडची हकिगत सांगितली होती. कोचीनला गरुड तळावर ट्रेनिंगला असताना ती त्यांच्या कानावर पडली होती. पुढे मी त्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

युजीन एस्मंड हा आयरिश घराण्यातला, युद्धापूर्वी इम्पीरियल एअरवेजची टपालाची विमानं चालवणारा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या 825 स्क्वाड्रनचा प्रमुख. त्याचं विमान स्वोर्डफिश. दुहेरी पंखांचं, कापडानं मढवलेलं, उघड्या कॉकपिटचं, पोटाखाली एक टॉर्पेडो. अशीच नऊ विमानं घेऊन त्यानं मे 1941 मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवर हल्ला चढवला होता. 11 फेब्रुवारी 1942 ला त्याबद्दलचं पदक त्यानं बकिंगहॅम राजवाड्यात स्वीकारलं. त्याच रात्री शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाऊ आणि प्रिन्झ ऑयगेन ही तीन मोठी जर्मन जहाजं फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरातून निघाली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी इंग्लिश खाडीतून पुढे जाऊ लागली. इंग्रजांना पत्ता लागला तेव्हा फार उशीर झाला होता. केंटमधल्या मॅन्स्टन तळावर एस्मंडकडे सहा स्वोर्डफिश होती. संरक्षणाला लढाऊ विमानांच्या पाच स्क्वाड्रन मिळणार होत्या, वेळेवर आली ती दहा स्पिटफायर. जहाजं पुढे निघून चालली होती. एस्मंड थांबला नाही.

सहाच्या सहा विमानं पडली. एकही टॉर्पेडो लागला नाही. 18 जणांपैकी 5 वाचले. एस्मंडला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, ते दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या हवाई शाखेतलं पहिलं. हे सगळं सर घाईघाईनं सांगत आणि मग आवाज खाली आणत. एस्मंडच्या विमानात मागे क्लिंटन नावाचा तोफचालक होता. गोळ्यांनी शेपटीकडच्या कापडानं पेट घेतला, तेव्हा हा माणूस जागेवरून उठला, धावत्या विमानाच्या पाठीवर मांड घालून बसला आणि हातांनी आग विझवू लागला. ते पाहिलेले लोक वाचले म्हणून आपल्याला कळलं. तिघांपैकी मधला विल्यम्स. एस्मंड, विल्यम्स, क्लिंटन. इथंही तीन.

शहरातल्या शाळेत ही गोष्ट वेगळी ऐकली गेली असती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मासेमारीला जाणारे. वादळात गेलेली होडी, आणि मागे घरात कुणालाच धड सुतक धरता येत नाही, धड वाट बघणं सोडता येत नाही, असे दिवस आम्ही शेजारी पाहिले होते. मागच्या बाकावरच्या एका मित्राचे काका असेच गेलेले. नावं वाचली जात असताना तो सगळ्यांपेक्षा ताठ उभा राहायचा. सरांनी एकदा जाताजाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, ते मी पाहिलं आहे.

एस्मंडचा देह एप्रिलच्या अखेरीस थेम्सच्या मुखापाशी वाहत आला, त्याला निदान थडगं लाभलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ली-ऑन-सोलंट इथं नौदलाच्या हवाई शाखेचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आणि हाती न लागलेल्या जवळजवळ दोन हजार जणांची नावं त्याच्यावर आहेत. समुद्राखेरीज यांना दुसरी कबर नाही, असं तिथं कोरलं आहे. अधिकारी आणि खलाशी एकाच दगडावर. सरांना हे आवडलं असतं. त्यांच्या हयातीत मला ते ठाऊक नव्हतं, याची हळहळ वाटते.

गोव्याला दाबोळीजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाच्या हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथं खरं अलिझे उघड्यावर उभं आहे. मुलांना घेऊन गेलो होतो. मी सरळ पोटाखाली वाकलो आणि घुमट बघितला, मग मागची जागा. खिडकी लहान आहे. माझ्या मुलीनं विचारलं, 'यात बसणाऱ्याला बाहेरचं कसं दिसायचं?' तिला मी विजयन यांचं नाव सांगितलं, मग सिरोही यांचं, मग रॉय यांचं. तिनं तिन्ही म्हणून दाखवली. दीवला खुकरीचं स्मारक आहे, जहाजाची प्रतिकृती काचेत ठेवली आहे. जमेल त्यानं तिथंही जावं.

सर निवृत्त झाल्यावर 10 डिसेंबरचा परिपाठ काही वर्षं चालला आणि मग थांबला, असं चौकशी केल्यावर कळलं. दोष कुणाचा नाही, शिक्षक बदलतात. शाळा समितीला आणि मुख्याध्यापकांना या स्मरणिकेतून माझी कळकळीची विनंती आहे की तो पुन्हा सुरू करावा. खर्च काही नाही, एक मिनिट लागतं. नावं वाचायचं काम दरवर्षी आठवीतल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावं, मोठ्या पाहुण्यांकडे नको. मॉडेलची करवंटी निखळली आहे आणि डावा पंख दुमडत नाही, पण ते प्रयोगशाळेच्या कपाटात अजून आहे. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलणं झालं आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचसहा जण येऊन ते दुरुस्त करून देऊ, सोबत आठवीची मुलं हवीत, नुसतं बघायला नव्हे, कानस धरायला. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेवढं कळवावं.

– एक माजी विद्यार्थी, दहावी 1984